आधुनिक शिपायांचे मिनिएचर कसे पारखावे : टेबलावरच्या युद्धखेळात नव्याने येणाऱ्यांसाठी

तान्ह्या पोळ्याच्या बाजारात लाकडी नंदी घेणारा माणूस नुसता रंग पाहून पैसे काढत नाही. तो नंदी उलटा करतो, चारही चाके जमिनीला टेकतात की एखादे अधांतरी राहते ते पाहतो, शिंगे त्याच लाकडातून कोरलेली आहेत की मागाहून खिळ्याने बसवलेली आहेत याची चाचपणी करतो आणि त्यानंतरच भावाची गोष्ट काढतो. टेबलावरच्या युद्धखेळासाठी बोटाच्या पेराएवढे आधुनिक शिपाई घेताना मात्र हाच माणूस मोबाइलवरचा एक रंगवलेला फोटो पाहून शंभर शिपायांचे पैसे भरून मोकळा होतो. मीही पहिली दोन वर्षे तेच केले. त्यातून घरात साठलेल्या निरुपयोगी डब्यांकडे पाहून हा लेख लिहीत आहे.

आम्ही आर्वी तालुक्यातील एका गावात, सार्वजनिक वाचनालयाची दोन टेबले जोडून, रविवारी दुपारी खेळतो. खेळताना शिपाई डोळ्यांपासून अडीच-तीन फुटांवर असतो, तर फोटोत तो तळहाताएवढा दिसतो. फोटोत भुवईचा केस दिसतो म्हणून हुरळून जाऊन घेतलेला शिपाई टेबलावर नुसता करडा ठिपका ठरतो, आणि फोटोत ओबडधोबड वाटलेला, पण बंदूक कोणती, रोख कुठे आणि पवित्रा कसा हे लांबून स्पष्ट सांगणारा शिपाई खेळात शोभून दिसतो. म्हणून शिपाई एकटा हातात घेऊन कसा दिसतो यापेक्षा तो आपल्या सोबत्यांमध्ये, टेबलावर, त्या अंतरावरून कसा दिसतो आणि कसा टिकतो, हीच खरी कसोटी मानावी असे माझे मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच मतावर उभ्या आहेत.

पहिली पायरी खरेदीच्याही आधीची आहे. कोणते युद्ध, कोणते वर्ष आणि कोणता आकार, हे वहीत लिहून काढावे. ‘आधुनिक’ हा शब्द विक्रेते फार सैल वापरतात. १९७१चा शिपाई, १९९९च्या कारगिलमधला शिपाई आणि आजचा शिपाई हे तिघेही आधुनिकच म्हणवले जातात, पण त्यांची शस्त्रे, शिरस्त्राणे आणि अंगावरचा सरंजाम एकमेकांशी जुळत नाही. आकाराचेही तसेच आहे. साधारणपणे २८ मिमी म्हणजे जवळपास १/५६, २० मिमी म्हणजे ढोबळमानाने १/७२ (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढा), १५ मिमी म्हणजे जवळपास १/१०० आणि ६ मिमी, असे आकार चालतात. दहा-वीस माणसांची चकमक खेळायची असेल तर २८ मिमी किंवा १/७२ बरा, आणि रणगाड्यांसह अख्खी बटालियन उतरवायची असेल तर १५ मिमी किंवा त्याहून लहान. नवख्याने १/७२ ने सुरुवात करावी, कारण याच आकारात प्लॅस्टिकचे शिपाई स्वस्त पडतात, एका खोक्यात बहुधा चाळीस-पन्नास निघतात आणि रणगाड्यांचे किट मिळणेही सोपे जाते.

आता मोजमाप. यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतले व्हर्निअर कॅलिपर उत्तम. त्याचे लघुत्तम माप ०.०१ सेंमी, म्हणजे आपल्या कामाला पुरून उरणारे आहे. शिपायाची उंची डोक्याच्या टोकापर्यंत मोजू नये, कारण हेल्मेट, पटका किंवा टोपी यामुळे आकडा फसवतो. तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजावे आणि पायाखालची ओतीव चकती त्यातून वजा करावी. १.७० मीटर उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.५९ मीटरवर असतात. हे माप १/७२ मध्ये २२ मिमी भरते, १/१०० मध्ये जवळपास १६ मिमी आणि १/५६ मध्ये सव्वाअठ्ठावीस-साडेअठ्ठावीस मिमी. ‘२८ मिमी’ हा तर नुसता गोंधळ आहे, कारण काही उत्पादक तो आकडा डोळ्यांपर्यंत धरतात आणि काही डोक्यापर्यंत. त्यामुळे एकाच लेबलाचे दोन संच शेजारी उभे केले की एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला लेक उभा असल्यासारखे दिसते. अर्थात एक-दीड मिमीचा फरक मी सोडून देतो, कारण खऱ्या पलटणीतही सगळे एका उंचीचे नसतात. मात्र उंची जुळून डोके आणि हात यांचा आकार जुळत नसेल तर तो फरक सोडू नये. काही संच मुद्दाम मोठे डोके, जाड मनगटे आणि बोजड बंदुका देऊन घडवलेले असतात. रंगवायला ते सोपे जातात आणि लांबून ठसठशीतही दिसतात, परंतु प्रमाणबद्ध घडणीच्या शिपायांसोबत ते एका तुकडीत बसत नाहीत. दोन्ही प्रकारांत वाईट असे काही नाही. त्यांची सरमिसळ मात्र डोळ्याला खुपते.

शस्त्र हा शिपायाचा दाखला असतो. त्यावरून त्याचे सैन्य आणि साल दोन्ही कळतात, म्हणून इथे घाई करू नये. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीची लांबी ९६० मिमी, तिच्या आधीच्या एसएलआर रायफलीची ११४३ मिमी आणि एके-४७ची सुमारे ८८० मिमी. भागाकार केला तर १/७२ मध्ये इन्सास १३.३ मिमी, एसएलआर जवळपास १६ मिमी आणि एके १२ मिमीच्या थोडी वर येते. इन्सास आणि एसएलआर यांच्यातला अडीच मिमीचा फरक टेबलावरूनही कळतो. लांबीनंतर मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, पाहावे. एकेचे वाकडे मॅगझिन आणि एसएलआरचे सरळ, आखूड मॅगझिन यांची बाह्यरेषा इतकी वेगळी आहे की ती न साधणाऱ्या मूर्तिकाराने बाकीचे काही साधले असण्याची शक्यता कमी. जाडीबाबत मात्र सवलत द्यावी लागते. दीड-दोन सेंटीमीटर जाडीची खरी नळी १/७२ मध्ये पाव मिमीच्या आसपास येईल आणि ती पहिल्याच डावात मोडेल. तेव्हा प्रत्येक उत्पादक ती जाड करतोच. ती सळईसारखी दिसते की मुसळासारखी, एवढेच आपण पाहायचे.

अंगावरचा सरंजाम सालाशी ताडून पाहावा. रात्री पाहण्याच्या दुर्बिणीचा खाचा हेल्मेटवर असेल आणि छातीवर कडक पट्ट्यांचे चिलखत असेल, तर तो शिपाई १९७१च्या लढाईत चालणार नाही, मग त्याला कितीही ऑलिव्ह हिरवा रंग दिला तरी. उलट बाजूने काही सोयीचे योगही जुळतात. १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांकडे एसएलआर होती आणि अर्जेंटिनाकडे तिचेच मूळ भावंड असलेली एफएएल रायफल, त्यामुळे त्या युद्धासाठी घडवलेल्या शिपायांच्या हातातली बंदूक आपल्या १९७१च्या किंवा १९८७ ते १९९० मधल्या श्रीलंकेतील शांतिसेनेच्या शिपायाच्या बंदुकीजवळ जाते. भारतीय सैन्याचे आधुनिक संच माझ्या पाहण्यात फार थोडे आले आहेत. म्हणून बंदूक योग्य असलेला परका शिपाई घेऊन त्याचे डोके बदलायचे, हा मार्ग आम्ही धरला आहे. डोके वेगळे मिळते का आणि मानेचा सांधा बसतो का, हेही मग पारखण्याच्या यादीत येते. भारतीय सैन्याचा २०२२च्या सेनादिनाला सादर झालेला नवा गणवेश दाखवायचा असेल तर तो मुख्यतः रंगाचा विषय आहे, घडणीचा नाही.

शिपायाने बंदूक कशी धरली आहे, हे पाहायला मला आमच्या गावच्या एका निवृत्त हवालदारांनी शिकवले. कामठीच्या गार्ड्‌स रेजिमेंटल सेंटरमध्ये त्यांचे प्रशिक्षण झाले होते. मी मोठ्या हौसेने रंगवलेला, नेम धरलेला एक शिपाई त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, शिपाई उजेडाकडे धरून दोनदा फिरवला आणि म्हणाले, “गुरुजी, याची बट खांद्यात नाही, गालावर हाये. पहिल्याच फैरीत याचा जबडा जाईन.” मी म्हटले, “काकाजी, एवढ्याशा पुतळ्यात ते कोण पाहते?” त्यावर ते म्हणाले, “ज्यानं बंदूक चालवली तो पाहते ना!” तेव्हापासून मी प्रत्येक नेम धरलेल्या शिपायाला बाजूने आणि वरून पाहतो. बट, म्हणजे बंदुकीचा मागचा दस्ता, खांद्याच्या खळगीत आहे का, डोळा आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, एका रेषेत येतात का, पुढचा हात नळीच्या संरक्षक आवरणाखाली आहे की मॅगझिनच्या पुढे हवेत लोंबतो आहे, आणि शरीराचा भार पुढच्या पायावर आहे का, एवढे चार मुद्दे पुरतात. चालत्या शिपायात हेच काम पाय करतात. धावणाऱ्याचा तोल त्याच्या चकतीच्या बाहेर गेलेला दिसत असेल तर तो धावत नसून पडतो आहे असे वाटते. चेहऱ्यातले दोष खपून जातात, परंतु चुकलेला पवित्रा तीन फुटांवरूनही चुकलेलाच दिसतो.

संचात कोणते पवित्रे किती आहेत, हा हिशेब बहुतेक नवखे करीतच नाहीत. आपल्या पायदळाची एक सेक्शन दहा जणांची असते आणि त्यातले बहुतेक रायफलवाले असतात, एक हलकी मशिनगन असते. चाळीसच्या खोक्यात आठ अधिकारी पिस्तूल रोखून, पाच जण दुर्बीण घेऊन आणि सहा जण हातबॉम्ब फेकताना निघाले तर उरलेल्यांतून जेमतेम दोनच सेक्शन उभ्या राहतात. पडून गोळीबार करणारे शिपाई दिसायला छान असतात, परंतु त्यांना लांब चकती लागते, ते शेताच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) किंवा भिंतीच्या आडोशाला नीट बसत नाहीत आणि उचलताना बोटांना नळीच सापडते. मी दहात एकाहून जास्त घेत नाही. गुडघा टेकून बसलेले, बंदूक छातीशी धरून सावधपणे चालणारे आणि उभ्याने नेम धरलेले, असे तीन साधे पवित्रे पुरेशा संख्येने देणारा संच मी नाट्यमय संचाहून श्रेष्ठ मानतो.

यानंतर साहित्य. पांढरा धातू म्हणजे मुख्यतः कथिलाची मिश्रधातू. जुन्या ओतकामात शिसेही असते. धातूचा शिपाई वजनाला चांगला, वाकलेली नळी हलक्या हाताने सरळ होते, परंतु दोन-तीनदा वाकवली की तुटते. तो पांढऱ्या कागदावर घासून करडी रेघ उमटली तर शिसे बरेच आहे असे समजावे. असे शिपाई लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, कानस मारल्यावर हात साबणाने धुवावेत आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपावी. कडक प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, रेखीव असते, चाकूने सहज कापता येते आणि त्यासाठीच्या द्रावक सिमेंटने सांधा अक्षरशः वितळून एकजीव होतो. १/७२ च्या स्वस्त खोक्यांतले प्लॅस्टिक मात्र बहुधा मऊ असते. त्याची बंदूक मोडत नाही, पण फेविक्विकने सांधा धरत नाही आणि रंगही पोपडे होऊन निघतो. मऊ प्लॅस्टिक साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, त्यावर चिवट प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, दिल्याशिवाय रंगाला हात लावू नये आणि सांध्यात बारीक तारेची खुंटी घालावी. रेझिनचे, म्हणजे द्रवापासून घट्ट केलेल्या राळेसारख्या प्लॅस्टिकचे, शिपाई सर्वांत रेखीव आणि सर्वांत ठिसूळ. त्यांना घासताना ओला पॉलिशपेपर वापरावा आणि तोंडाला मास्क बांधावा. हाताला चिकट लागणारा, थ्री-डी प्रिंटरवर छापलेला रेझिनचा शिपाई पूर्ण पक्का झालेला नसतो, तो परत करावा.

तारेसारखे प्लॅस्टिक वितळवून थर चढवणाऱ्या थ्री-डी प्रिंटरवरचे शिपाई आपल्याकडे स्वस्तात मिळू लागले आहेत. तिथे साधा हिशेब करावा. १/७२ च्या शिपायाचे डोके जेमतेम तीन मिमीचे असते आणि प्रत्येक थर ०.२ मिमीचा असेल तर अख्खा चेहरा पंधरा-सोळा थरांत उरकतो. नाक-डोळे कुठून येणार? रेझिनच्या छपाईत थर ०.०५ मिमी किंवा त्याहूनही बारीक असू शकतो, म्हणून लहान शिपायांसाठी तीच घ्यावी. तारेच्या छपाईतून घरे, भिंती, मोर्चे खुशाल करून घ्यावेत. आणखी एक गोष्ट खास आपल्या मुलखाची आहे. त्या छपाईत सर्रास वापरले जाणारे पीएलए नावाचे प्लॅस्टिक साठ अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते. मे महिन्यात माझ्या भाच्याने तालुक्याहून पार्सल आणले, मोटारसायकलच्या डिकीत ठेवले आणि गाडी दुपारभर उन्हात लावून तो लग्नाच्या पंगतीला बसला. संध्याकाळी खोके उघडले तेव्हा बावीसच्या बावीस शिपायांनी, पाणी न मिळालेल्या रोपांसारख्या, बंदुकीच्या माना खाली टाकल्या होत्या. यात विकणाऱ्याचा काहीच दोष नव्हता. टिनाच्या घरात राहणाऱ्यांनी छताजवळची फळी अशा शिपायांसाठी वापरू नये आणि उन्हाळ्यात मागवायचेच असेल तर धातू किंवा कडक प्लॅस्टिक मागवावे.

ओतकाम पारखण्याची रीत सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च शिपायाच्या बाजूने, जवळजवळ आडवा धरावा. समोरच्या उजेडात न दिसणारे सर्व दोष सावलीने उघडे पडतात. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक शिवण सगळ्यांवरच असते आणि ती चाकूच्या पात्याने खरवडून जाते. ती कुठून गेली आहे, हे महत्त्वाचे आहे. दंडाच्या कडेने गेलेली शिवण पाच मिनिटांचे काम आहे, पण चेहऱ्याच्या मधोमध किंवा मॅगझिनच्या खाचांवरून गेलेली शिवण काढताना घडणही खरवडून निघते. कडेला आलेले पातळ पापुद्रे घाबरण्यासारखे नाहीत. साच्याचे दोन भाग सरकून ओतले गेले असतील तर मात्र नाकाचा एक अर्धा भाग वर आणि दुसरा खाली दिसतो. या दोषाला इलाज नाही, असा शिपाई सरळ बाजूला ठेवावा. नळीच्या टोकापर्यंत धातू पोचला आहे का, बोटांच्या आणि बुटांच्या टोकाशी बुडबुड्यांचे खड्डे आहेत का, आणि घोटा किती जाड आहे, हेही पाहावे. घोटे हा धातूच्या शिपायाचा सर्वांत कच्चा भाग, कारण उचलताना आणि ठेवताना सगळा ताण तिथेच येतो.

रंगाच्या दृष्टीने पारखायला एक शिपाई खर्ची घालावा. तो साबणाने धुवावा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर रंग धरू देत नाही. मग प्रायमर द्यावा आणि त्यावर पाण्यासारखा पातळ केलेला गडद तपकिरी रंग सोडावा. घडीव सुरकुत्या, पाउचचे झाकण आणि पट्ट्यांच्या कडा खोल असतील तर रंग आपसूक तिथे जाऊन बसतो आणि शिपाई अर्धा रंगून होतो. रंग सगळीकडे सारखाच पसरून डाग पडला तर घडण उथळ आहे असे समजावे. त्या संचातला प्रत्येक शिपाई कुंचल्याने रेखाटावा लागेल आणि पन्नासाव्या शिपायापर्यंत तुमचा धीर टिकणार नाही. हा प्रयोग पावसाळ्यात करायचा असेल तर स्प्रेचा प्रायमर टाळावा, कारण दमट हवेत त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि दोष नाहक शिपायाला लागतो.

शेवटी शिपायाला त्याच्या गाडीशेजारी उभे करावे. टी-७२, म्हणजे आपला अजेय, छपरापर्यंत सुमारे २.२३ मीटर उंच आहे. १/७२ मध्ये ते ३१ मिमी होतात, तेव्हा चकतीविना उभ्या शिपायाचे डोके रणगाड्याच्या पाऊण उंचीला लागले पाहिजे. चकतीमुळे तो दोन-तीन मिमी उंच होतो, म्हणून चकती पातळच घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पंचवीस मिमीच्या आसपासचे पातळ वायसर मला सर्वांत सोयीचे वाटतात. दहा रुपयांचे नाणे २७ मिमीचे आहे, दुकानात माप विसरलात तर ते शेजारी धरून अंदाज घेता येतो. वायसरवर काळ्या मातीचा थर दिला की आमच्या टेबलावरच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात शिपाई लगेच मिसळतो, मात्र माती चाळून आणि तव्यावर भाजून घ्यावी, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

किमतीचा हिशेब खोक्याच्या छापील किमतीवर करू नये. टपालखर्च, परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क, चकत्या आणि डोकी बदलायची असल्यास त्यांचा खर्च, हे सर्व मिळवून येणाऱ्या आकड्याला खोक्यातल्या एकूण शिपायांनी भागायचे नाही, तर आपल्या सेक्शनमध्ये प्रत्यक्ष उभे राहतील अशा शिपायांनी भागायचे. माझ्या एका ‘स्वस्त’ खोक्यातल्या अठ्ठेचाळीसपैकी एकोणीसच असे निघाले. म्हणून कोणत्याही उत्पादकाचा आधी एकच लहान संच मागवावा, वरच्या सर्व पायऱ्या त्यावर कराव्यात आणि डोळ्यांपर्यंतची उंची, रायफलीची लांबी, साहित्य, पवित्र्यांची संख्या व दोष यांची नोंद वहीत ठेवावी. दुसऱ्या गावचा खेळाडू आपले शिपाई घेऊन येणार असेल तर ही वही फोनवर वाचून दाखवता येते आणि दोन्ही पलटणी एका मापाच्या आहेत की नाहीत हे बस पकडण्याआधीच कळते.

नापास झालेले शिपाई टाकून देऊ नयेत. तुटलेल्या घोट्याचे आणि सरकलेल्या नाकाचे शिपाई आम्ही आडवे चिकटवून जखमींच्या खुणा म्हणून वापरतो. उन्हाने माना टाकलेल्या त्या बाविसांपैकी चौदा जण आता हेच काम करतात, आणि उरलेले आठ भाच्याने शरण आलेले कैदी म्हणून रंगवून ठेवले आहेत.